व्यायाम : संख्या आणि रीत

आपल्याकडे कोणी व्यायाम करतो असें कळलें, कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जोर किती काढतां?" "बैठका किती मारतां?" "नमस्कार किती घालतां?" जोर कसे काढतां, असें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. संख्येचा हा मान आपल्या अंगीं मुरलेला आहे. समर्थ रामदास रोज बाराशें सूर्यनमस्कार घालीत ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतों. अमुक पहिलवान पहांटे हजार जोर आणि दोन हजार बैठका काढी, हें तालमीच्या ओट्यावर मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. जिममध्यें जाणारीं आजचीं मुलें जोरांऐवजीं किलो मोजतात, एवढाच काय तो फरक. मोजण्याची हौस तीच आहे.

संख्येशीं माझें वैर नाहीं. आंकडा असला म्हणजे उत्साह राहतो आणि आळसाला लगाम बसतो. परंतु कंबरेंत भरलेली चमक, गुडघ्यावर आलेली सूज, खांद्यांत उठलेली कळ, अशा ज्या दुखापतींमुळें मंडळी व्यायाम सोडून देतात, त्यांपैकीं पुष्कळ दुखापती संख्या रीतीच्या पुढें धांवल्यानें झालेल्या असतात. मग दोष बिचाऱ्या व्यायामाला लागतो. "बैठकांनीं गुडघे गेले", "नमस्कारांनीं कंबर धरली", असें म्हणून मनुष्य स्वस्थ बसतो. आणि त्या स्वस्थ बसण्यानें त्याचें जें नुकसान होतें, तें मूळच्या दुखापतीहून मोठें असतें. म्हणून आजच्या भाषणांत मला एकच गोष्ट आपल्यापुढें मांडावयाची आहे. व्यायाम कोठें थांबवावा? ठरविलेला आंकडा पुरा होतो तेथें नव्हे. रीत बिघडूं लागते तेथें.

आतां रीत म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. कित्येकांना वाटतें कीं रीत ही दिसण्याची बाब आहे. कवाईत सुबक दिसावी म्हणून शिक्षक ती शिकवितात. वस्तुतः रीत हा हिशेब आहे, आणि तो आपण सर्वांनीं शाळेंत शिकलेल्या तरफेचा आहे. टेकूपासून भार जितका दूर, तितकें त्याला तोलण्यास बळ अधिक लागतें. समजा, पाण्यानें भरलेली १० किलोची बादली आपणांस उचलावयाची आहे. गुडघे ताठ ठेवून, पाठीची कमान करून आपण पुढें झुकलों, तर ती बादली कंबरेच्या मणक्यांपासून सुमारें ४० सेंटिमीटर पुढें राहते. तिला तोलणारे पाठीचे स्नायु मात्र मणक्यांच्या मागें अवघ्या ५ सेंटिमीटरांवरून ओढीत असतात. टेकूच्या एका बाजूस ४०, दुसऱ्या बाजूस ५, म्हणजे आठपट. १० किलोच्या बादलीसाठीं स्नायूंना ८० किलोंची ओढ लावावी लागते. आपल्या धडाचा आणि डोक्याचा भार यांत धरलेलाच नाहीं, तो निराळा. हीच बादली दोन पायांच्या मध्यें घेऊन, गुडघे वांकवून, अंगालगत २० सेंटिमीटरांवर आणली, तर ती ओढ निम्म्यावर येते. बादली तीच, मनुष्य तोच, पाठहि तीच. बदलली ती रीत.

हा नुसता कागदावरचा हिशेब नव्हे. स्वीडनमधील अस्थिवैद्य आल्फ नाखेमसन यांनीं १९६० नंतरच्या काळांत मणक्यांमधील चकतींत बारीक सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. मनुष्य सरळ उभा असतांनाचा दाब १०० मानला, तर पाठीवर निजल्यावर तो सुमारें २५ वर उतरतो, आणि पुढें वांकून हातांत २० किलो वजन घेतलें म्हणजे २०० च्याहि वर जातो. ही चकती बाहेरून चिवट तंतूंच्या कड्यांची आणि आंतून मऊ गराची असते. पाठ वांकलेली असतांना तिच्यावर वारंवार मोठा भार पडला, तर आंतील गर मागील बाजूस ढकलला जातो. तेथून पायांत जाणारे मज्जातंतु जवळच असतात. कंबरेपासून पोटरीपर्यंत जाणारी जी कळ आपण सायटिका म्हणून ओळखतों, तिचें एक कारण हें आहे. याचा अर्थ पाठ कधींच वांकवूं नये असा कोणी करूं नये. पाठ वांकण्यासाठींच आहे, आणि हळूहळू सवय केली तर ती पुष्कळ भार सोसूं शकते. धोका असतो तो सवय नसतांना, भार घेऊन, घाईघाईनें आणि वारंवार वांकण्यांत.

मग वांकावें कोठून? नितंबाच्या सांध्यांतून. ही गोष्ट शब्दांनीं सांगून कळत नाहीं. एक साधी परीक्षा घरांतल्या घरांत करून पाहावी. सुमारें सव्वा मीटर लांबीची सरळ काठी घ्यावी आणि ती पाठीवर उभी अशी धरावी, कीं तिचा स्पर्श डोक्याच्या मागील बाजूस, दोन खांद्यांच्या मधल्या भागास आणि माकडहाडाच्या वर, असा तीन ठिकाणीं होईल. गुडघे किंचित् सैल सोडावे आणि जणूं मागील भिंतीस नितंब टेंकवावयाचे आहेत, अशा बेतानें पुढें झुकावें. जोंपर्यंत तिन्ही स्पर्श कायम आहेत, तोंपर्यंत वांकणें सांध्यांतून होत आहे. एखादा स्पर्श सुटला, कीं मणके वांकूं लागले असें समजावें. पहिल्या दिवशीं पुष्कळांची काठी थोड्याशा झुकण्यांतच सुटते. आठपंधरा दिवस रोज दहा वेळां हें केलें, तर अंगाला वांकण्याची नवी सवय जडते. आणि तिचा उपयोग व्यायामांत जेवढा होतो, तेवढाच गॅसचा सिलिंडर सरकवितांना आणि नातवंडास उचलून घेतांना होतो.

बैठकांविषयीं एक समज फार रूढ आहे. खालीं बसतांना गुडघा पायाच्या बोटांच्या पुढें जातां कामा नये, असें ठिकठिकाणीं शिकविलें जातें. २००३ सालीं अमेरिकेंत याची परीक्षा झाली. सात पुरुषांनीं स्वतःच्या वजनाएवढा भार खांद्यांवर घेऊन दोन प्रकारें बैठका काढल्या. एकदां मोकळ्या, आणि एकदां गुडघे पुढें जाऊं नयेत म्हणून पायांसमोर फळी उभी करून. फळीमुळें गुडघ्यांवरील ताण सुमारें पंचमांशानें कमी झाला हें खरें. परंतु नितंबाच्या सांध्यांवरील ताण दहापटींहून अधिक वाढला, कारण गुडघे अडल्यावर धडाला पुढें झुकावें लागलें. म्हणजे एका सांध्यावरचा भार दुसऱ्या सांध्याच्या आणि कंबरेच्या माथीं गेला. आपल्याकडील पारंपरिक बैठकेंत तर टांचा उचललेल्या असतात आणि गुडघे बोटांच्या पुढें जातातच. वर्षानुवर्षें तयारी झालेल्या पहिलवानास तें साधतें. नवशिक्यानें मात्र टांचा जमिनीस टेंकवून, पाय खांद्यांइतके रुंद ठेवून, मागें खुर्ची ठेवून आरंभ करावा. खुर्चीस नितंब नुसते लागले, कीं उठावें. पन्नाशीपुढील मंडळींनीं एक हात टेबलावर ठेवला तरी त्यांत उणेपणा नाहीं.

गुडघ्याच्या बाबतींत खरोखर जपावयाची गोष्ट निराळी आहे. बसतां-उठतांना दोन गुडघे एकमेकांकडे आंत पडूं नयेत. पायाचें दुसरें बोट ज्या दिशेस, गुडघ्याची वाटी त्याच दिशेस राहिली पाहिजे. गुडघा हा मुख्यत्वें बिजागरीसारखा सांधा आहे. तो आंत कलंडला म्हणजे बिजागरी पिळली जाते आणि तिला बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर ताण येतो. ही रीत शिकविल्यानें काय साधतें, याचा एक मोठा प्रयोग नॉर्वेमध्यें झाला आणि २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या सुमारें १,९०० मुली त्यांत होत्या. ज्या संघांना खेळापूर्वीं सुमारें वीस मिनिटांचा ठरीव व्यायाम देऊन धांवणें, उडी मारून उतरणें, एका पायावर तोल राखणें आणि गुडघा सरळ रेषेंत ठेवणें शिकविलें, त्या संघांतील एकंदर दुखापती सुमारें एकतृतीयांशानें आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यानें कमी आढळल्या. मुलींचे सांधे कोणीं बदलले नव्हते. उतरण्याची रीत तेवढी बदलली होती.

जोर आणि सूर्यनमस्कार यांचें मर्म पुष्कळसें एक आहे, म्हणून त्यांचा विचार एकत्र करूं. जोर हा दिसावयास सोपा, परंतु वस्तुतः कठीण व्यायाम आहे. त्यांत शरीराचा मोठा भार दोन तळहातांवर घेऊन धड एका कमानींतून दुसऱ्या कमानींत न्यावयाचें असतें. चुका बहुधा तीन होतात. पहिली चूक कोपरांची. तीं बाहेर पंखांसारखीं पसरलीं, कीं खांद्याच्या पुढील भागावर ताण येतो. तीं बरगड्यांपासून फार दूर न नेतां तिरकीं मागें जाऊं द्यावीं. दुसरी चूक कंबरेची. दमल्यावर पोटाचे स्नायु सैल पडतात, कंबर झोळीसारखी खालीं लोंबते, आणि छाती वर उचलण्याचें सारें काम कंबरेच्या दोनतीन मणक्यांवर पडतें. पोट हलकेंच आंवळून ठेवणें हा त्यावर उपाय. तिसरी चूक मानेची. नजर आभाळाकडे लावण्याच्या नादांत मान मागें फेंकली जाते. ती पाठीच्या वळणाबरोबरच वर आली पाहिजे, तिच्याहून अधिक नव्हे. ज्यांच्या हातांत अद्याप बळ नाहीं, त्यांनीं प्रथम भिंतीवर हात टेंकून, मग भक्कम टेबलाच्या कडेवर, मग बांकावर, आणि शेवटीं जमिनीवर, अशा पायऱ्यांनीं उतरावें. प्रत्येक पायरीवर तीच रीत, भार तेवढा वाढता.

औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार हयातभर केला. १९३८ सालीं त्यांचें जें इंग्रजी पुस्तक निघालें, त्याच्या नांवांतच दहा हा आंकडा आहे. आणि तो किती नमस्कार घालावे याचा नसून, एका नमस्कारांतील स्थितींचा आहे. एका नमस्काराचे दहा भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणें शिकवावा, ही त्यामागील दृष्टि. आज रथसप्तमीस १०८ नमस्कारांचे संकल्प सोडले जातात. ज्यांना रोजची संवय आहे त्यांनीं ते अवश्य पार पाडावे. परंतु वर्षांतून एकच दिवस नमस्कार घालणाऱ्यानें त्या दिवशीं शुद्ध असे बारा घातले, तर सूर्यनारायण कांहीं रागावणार नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं तेरावा घालण्याची इच्छा त्याच्या अंगांत शिल्लक राहील.

रीतींत श्वासहि येतो. जड वस्तु उचलतांना श्वास कोंडून धरण्याकडे मनुष्याचा कल असतो. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका प्रयोगांत तरुण, कसलेल्या व्यायामपटूंच्या हातांतील रोहिणींत नळी बसवून, पायांनीं जबर वजन ढकलतांना रक्तदाब मोजला गेला. विश्रांतींत जो १२० वर ८० च्या आसपास असतो, तो सरासरीनें ३२० वर २५० पर्यंत चढला. कसलेल्या तरुणानें तें क्षणभर सोसलें. साठीच्या घरांतील रक्तदाबवाल्या गृहस्थानें सोसावें अशी अपेक्षा करूं नये. नियम सोपा आहे : बळ लावतांना श्वास सोडावा, भार सैल होतांना घ्यावा. बैठकेंतून उठतांना उच्छ्वास, बसतांना श्वास. लक्षांत राहत नसेल तर मोठ्यानें आंकडे मोजावे. बोलणाऱ्याला श्वास कोंडतां येत नाहीं. संख्येचा हा एक निर्विवाद उपयोग मला मान्य आहे.

आतां वेगाविषयीं दोन शब्द. नव्यानें व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत शक्ति झपाट्यानें वाढल्यासारखी वाटते. त्या वेळीं स्नायु फारसे वाढलेले नसतात. मेंदु आणि मज्जातंतु त्यांच्याकडून काम करून घेण्यास शिकलेले असतात. स्नायु त्यामागून वाढतात, आणि स्नायूस हाडाशीं जोडणाऱ्या कंडरा सर्वांत सावकाश, महिन्यांच्या हिशेबानें, बळकट होतात. त्यांना रक्ताचा पुरवठा मुळांत कमी. म्हणून दुसऱ्या महिन्यांत उत्साह आणि कंडरा यांची गांठ तुटते, आणि खांदा, कोपर, टांच यांच्या तक्रारी नेमक्या तेव्हां उद्भवतात. अंगांत बळ वाटतें म्हणून भार एकाएकीं वाढवूं नये.

याहून भयंकर असा एक प्रकार आहे आणि तो शिक्षकांनीं व पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. संवय नसलेल्या मनुष्यानें एकाच बैठकींत शेंकडों बैठका काढल्या, तर मांड्यांचे स्नायुतंतु मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांतील द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडांवर आघात करतें. मांड्या कमालीच्या दुखतात व सुजतात, लघवी चहाच्या काढ्यासारखी काळसर होते. असें दिसतांच घरगुती शेंकत न बसतां रुग्णालय गांठलें पाहिजे. शाळेंत शिक्षा म्हणून शंभर-दोनशें उठाबशा काढावयास लावण्याची जी जुनी चाल आहे, तिच्यांतील धोका तो हाच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास बंदी आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी, जो व्यायाम मुलाला आवडावा अशी आपली इच्छा, तोच त्याला शिक्षा म्हणून देणें हें शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें उफराटें आहे. बेंचखालीं वांकून घातलेल्या उठाबशांत रीत कोण पाहतो?

व्यायामानंतर दुखणें आणि दुखापत होणें, यांतील भेदहि प्रत्येकानें ओळखावा. नव्या व्यायामानंतरचें साधें दुखणें लगेच सुरू होत नाहीं. तें दुसऱ्या दिवशीं जाणवतें, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक होतें आणि मग आपोआप ओसरतें. तें बोथट असतें, स्नायूच्या पोटांत पसरलेलें असतें, आणि बहुधा दोन्ही बाजूंस सारखें असतें. दुखापतीची वेदना तीक्ष्ण असते, व्यायाम चालू असतां त्याच क्षणीं उठते, एका बाजूस असते, आणि तिच्यावर बोट ठेवतां येतें. पहिल्या प्रकारांत हलकी हालचाल चालू ठेवावी. दुसऱ्यांत त्या क्षणीं थांबावें. सूज, बधिरपणा, पायांत उतरणारी कळ किंवा छातींत दडपण जाणवलें, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. "घाम काढला कीं जाईल" हें वाक्य अशा वेळीं कोणाचेंहि ऐकूं नये.

येथवर सांगितलेली रीत शिकावी कशी, हा प्रश्न उरतो. पूर्वीं तालमींत वस्ताद असे. त्याचें ज्ञान पुस्तकी नव्हतें, पण त्याची नजर पोरांच्या पाठीवर असे. कोणाची कंबर लोंबली, कोणाचा गुडघा आंत पडला, हें त्याला दहा हातांवरून दिसे. पुढें या नजरेला शास्त्राची जोड मिळाली. अमरावतीस १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें; १९२४ सालीं पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांचें कैवल्यधाम स्थापन झालें; बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. व्यायाम ही शिकण्याची आणि शिकविण्याची गोष्ट आहे, ही जाणीव या कार्यामुळें महाराष्ट्रांत रुजली. आज शहरांतील घरांत वस्तादाची जागा मोबाइलच्या पडद्यानें घेतली आहे. त्यावर उत्तम शिक्षकहि आहेत. परंतु तो पडदा दुसरा मनुष्य व्यायाम कसा करतो हें आपणांस दाखवितो. आपण कसा करतों हें त्याला दिसत नाहीं. नेमकी ती नजर हरवली आहे.

ती परत मिळविण्याचे उपाय आहेत. पहिले दोनतीन महिने तरी जाणत्या शिक्षकापुढें व्यायाम करावा. आणि शिक्षक निवडतांना त्याच्या दंडांचा घेर पाहूं नये, तो आपल्याकडे पाहतो कीं आरशांत स्वतःकडे पाहतो, हें पाहावें. शिक्षक नसेल तर त्याच मोबाइलनें, बाजूनें, आपली चित्रफीत घरच्या कोणाकडून घेववावी आणि ती निर्दयपणें तपासावी. प्रत्येक हालचाल प्रथम रिकाम्या अंगानें, सावकाश करावी. खालीं जातांना मनांत चार अंक मोजावे. चार अंकांत जी बैठक साधत नाहीं, ती झटक्यानेंहि साधलेली नसते. झटका तेवढी चूक लपवितो. आरंभीं पांचसात मिनिटें चालून किंवा हलक्या हालचालींनीं अंग ऊब धरूं द्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, आणखी दोन शुद्ध होतील अशी खात्री असतांनाच थांबावें. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, कांचबिंदू किंवा हाडांचा ठिसूळपणा आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा.

एवढ्या थोड्यानें काय होणार, असें कोणास वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें प्रौढ मनुष्यास आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम, म्हणजे भरभर चालणें वगैरे, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम पुरेसा आहे. पासष्टीपुढील मंडळींनीं त्यांत तोल सांभाळण्याचे व्यायाम घालावे. हजाराचा आंकडा यांत कोठेंहि नाहीं.

शाळेंत मुलाला अक्षर शिकवितांना आपण कित्ता देतों. 'अ' चुकीच्या वळणानें शंभर वेळां गिरविला, तर शंभर वेळां लिहिल्याचें श्रेय मिळत नाहीं. चुकीचें वळण मात्र हाताला कायमचें बसतें, आणि मग तें सोडविण्यास दुप्पट श्रम पडतात. शरीराचेंहि तसेंच आहे. फरक इतकाच, कीं वहीवरचें चुकलेलें पान फाडून टाकतां येतें. तेव्हां उद्यां सकाळीं घरांतील कोणी व्यायामास उभें राहिलें, तर किती झाले हें विचारण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या बाजूस उभें राहावें, त्याची पाठ आणि त्याचे गुडघे नीट पाहावे, आणि जें दिसेल तें त्याला सांगावें. घरोघरीं एवढें झालें, तरी हरवलेली वस्तादाची नजर बऱ्याच अंशीं परत येईल.